ब्लू मॉर्मन उर्फ नीलवंत : दिसतो कसा, राहतो कुठे आणि आपल्या बाल्कनीत का येत नाही

कडेकपारी (धागाकर्ता)

तिकडे पावसाळी भटकंतीच्या धाग्यावर ताम्हिणीचे फोटो टाकले होते, त्यात ते काळं-निळं फुलपाखरू होतं आणि निम्मे प्रतिसाद त्याच्यावरच आले. मूळ धागाकर्ते वैतागायच्या आत विषय उचलून इकडे आणलाय.

तर ते ब्लू मॉर्मन. मराठीत नीलवंत, काही जण राणी पाकोळी पण म्हणतात. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर, क्रॅमरने १७७५ साली वर्णन केलेलं. आणि हो, आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ च्या जूनमध्ये राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत ठरलं, राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र पहिलंच राज्य, नंतर मग उत्तराखंड, केरळ, तामिळनाडू, गोवा असे बाकीचे आले.

तिकडे तीन प्रश्न होते. ओळखायचं कसं, जंगलातच असतं का शहरातपण, आणि बाल्कनीत यावं म्हणून काय लावायचं. पहिल्या दोनांची उत्तरं देतो, तिसऱ्याचं उत्तर लोकांना आवडत नाही त्यामुळे ते जरा नंतर.

पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२ ते १५ सेंमी, म्हणजे उडताना आधी छोटा पक्षीच वाटतो. वरून मखमली काळा. पुढच्या पंखांच्या बाहेरच्या बाजूला शिरांच्या मधेमधे निळे पट्टे, पंखाच्या टोकाकडे जाता जाता ते आखूड होत विरून जातात. खरी गंमत मागच्या पंखांवर, तिथला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग फिकट निळा आणि त्यावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा. हा निळा रंग चकाकत नाही हे लक्षात ठेवा, मोरपिसासारखी झाक वगैरे काही नाही, सपाट पावडरी आकाशी आहे. फोटोत लोक सॅच्युरेशन वाढवून त्याला इलेक्ट्रिक ब्लू करून टाकतात आणि मग नवीन माणूस प्रत्यक्षात बघतो तेव्हा म्हणतो हा तो नाहीच.

अजून एक, हा स्वॅलोटेल कुळातला, म्हणजे शेपटीवाल्यांच्या घराण्यातला, पण याला स्वतःला शेपटी नाही. मागचा पंख खालून नुसता कातरल्यासारखा नागमोडी.

हिरवी_बाल्कनी

धन्यवाद, तो शेपटीवाला प्रश्न माझाच होता. मला वाटायचं शेपटी तुटलीये म्हणून दिसत नाही, कारण आमच्या इथे येणाऱ्या काळ्या फुलपाखराला शेपटी असते, पण ते बरंच लहान आहे आणि निळं अजिबात नाही, पांढऱ्या ठिपक्यांची माळ असते मागच्या पंखावर. ते कोण मग?

अळीकाका

ते कॉमन मॉर्मन, पॅपिलिओ पॉलिटिस. चुलत भाऊ समजा. त्याला शेपटी आहे, आकाराने लहान, आणि ती पांढरी माळ नराची. मादी तीन वेगवेगळ्या रूपांत येते, एक नरासारखीच दिसणारी आणि बाकी दोन कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या विषारी फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. पक्षी रोझच्या वाटेला जात नाहीत म्हणून या पण वाचतात. २०१४ साली संशोधन आलं की ही सगळी नक्कल डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमुळे होते, म्हणजे जो जनुक नर-मादी घडवतो त्याच्याकडेच कपडेपटाचं पण काम. मला हे वाचून दोन दिवस झोप नव्हती.

नीलवंताच्या मादीला असले शौक नाहीत. नरासारखीच असते, फक्त रंग मवाळ, काळ्याच्या जागी तपकिरी झाक आणि पुढच्या पंखांवरचे पट्टे निळे कमी आणि पिवळट राखाडी जास्त. जुनी झालेली, पंख झिजलेली मादी बघून लोक वेगळीच जात समजतात.

टवाळ_कार्टं

म्हणजे नर नटूनथटून आणि मादी कामाला लागलेली. इथेपण तेच का

अळीकाका

अहो कामाला लागलेली म्हणजे काय, अंडी घालायला झाड शोधण्यातच तिचा दिवस जातो. त्याबद्दल लिहितो खाली, थांबा जरा.

घाटमाथा

एक भर घालतो ओळखीबद्दल. लोक वरची बाजू पाठ करतात आणि हा बसतो पंख मिटून, मग सगळी पंचाईत. खालची बाजू अगदी वेगळी आहे. निळा तिकडे नाहीच, राखाडी आहे, त्यात मातकट पिवळी छटा, काळे ठिपके मात्र वरच्यासारखेच. आणि पंखांच्या मुळाशी, अंगाला लागून, गडद लाल डाग. पुढच्या पंखाला एक लांबट, मागच्याला पाच छोटे वेडेवाकडे. हे लाल डाग दिसले की दुसरं काही बघायची गरज नाही, एवढा मोठा, बिनशेपटीचा, राखाडी आणि बुडाशी लाल असा आपल्या सह्याद्रीत दुसरा कोणी नाही. ईशान्येत ग्रेट मॉर्मन आहे त्याच्याशी घोळ होऊ शकतो पण तो इकडे येत नाही.

कॅमेरावाला

+१ खालच्या बाजूला. माझ्याकडे चिखलावर बसलेल्या नराचा फोटो आहे त्यात लाल अगदी स्पष्ट आलंय. पण तो एक फोटो मिळेपर्यंत जी वाट लागली ती विचारू नका. हा प्राणी फुलावर बसतच नाही नीट, सोंड आत आणि पुढचे पंख अखंड फडफडत, त्यामुळे कॅमेऱ्याच्या शटरचा वेग सेकंदाच्या १/२००० च्या खाली नेलात की पंखांचा धूर. आणि मागे लागलात तर संपलंच, सरळ उडणं याला माहीतच नाही, वर खाली डावीकडे करत झाडांच्या शेंड्यावरून गायब.

काय करायचं तर मागे लागायचंच नाही. जंगलातली पायवाट नाहीतर ओढ्याचं पात्र यांची ठरलेली असते, नर त्याच वाटेने जातात आणि काही वेळाने परत येतात. एखाद्या वळणावर जिथे उन्हाचा कवडसा पडलाय तिथे गपचूप बसून राहायचं. किंवा मग ओलसर वाळू शोधायची.

हिरवी_बाल्कनी

ओलसर वाळूत काय असतं? पाणीच प्यायचं तर ओढा आहे की शेजारी.

अळीकाका

मीठ. फुलांच्या मधात साखर भरपूर, सोडियम जवळपास नाही. ओल्या मातीतून, जनावरांच्या मुतातून, कधी कुजलेल्या खेकड्यावरूनसुद्धा ते क्षार शोषतात. याला मड पडलिंग म्हणतात. आणि तिथे बसलेले बहुतेक सगळे नर असतात, कारण हे जमवलेले क्षार मीलनाच्या वेळी नर मादीला देतो आणि ती ते अंड्यांसाठी वापरते. टवाळ, बघा, नटण्याशिवाय पण कामं असतात नरांना.

टवाळ_कार्टं

खेकडा वाचून आता राज्य फुलपाखराबद्दलचा आदर जरा हलला आहे

वैदर्भी

आदरावरून आठवलं. मला एक समजावून सांगा, राज्य फुलपाखरू म्हणून हेच का निवडलं? आमच्याकडे नागपूरला मी हे पाहिलंय पण कधीतरी एखादं, तेसुद्धा पावसाळा संपता संपता. मराठवाड्यातल्या मित्राने तर आयुष्यात पाहिलं नाहीये. सगळ्या राज्याचं प्रतीक म्हणायचं आणि ते अर्ध्या राज्याला माहितीच नसावं, हे जरा पश्चिम महाराष्ट्राचं फुलपाखरू झालं नाही का? कॉमन क्रो किंवा लाइम बटरफ्लाय घेतलं असतं तर गावोगावच्या शाळेतल्या पोरांना दाखवता तरी आलं असतं.

कडेकपारी

मुद्दा बरोबर आहे वैदर्भी, पण मग आपला राज्यप्राणी शेकरू, त्याचं काय? तोही सह्याद्रीतच आणि थोडा तुमच्याकडे पूर्व विदर्भात, मराठवाड्यात शेकरू कोणी पाहिलाय? प्रतीक निवडताना सगळीकडे असणं हाच निकष लावला तर कावळा आणि बाभूळ एवढंच उरेल. हे फुलपाखरू दिसायला दणदणीत, सह्याद्रीचं खास, आणि तरी अगदी दुर्मीळही नाही, पुण्या-मुंबईच्या माणसाला सुद्धा दिसू शकतं. मला तरी निवड पटते.

वैदर्भी

पुण्या-मुंबईच्या माणसाला दिसतं म्हणून निवडलं, हेच तर म्हणतेय मी :)

घाटमाथा

भांडू नका हो. पण वैदर्भींच्या निरीक्षणात एक गोष्ट महत्त्वाची आहे, त्यांना दिसतं ते पावसाळ्याच्या शेवटी. त्यावरून अधिवासाचं पूर्ण गणित समजतं, तर तेच जरा सविस्तर लिहितो.

हा मूळचा द्वीपकल्पातला आणि श्रीलंकेतला. श्रीलंकेत याची वेगळी उपजात आहे, पारिंदा. आपल्याकडे केरळ-कर्नाटकापासून सह्याद्रीच्या कडेकडेने वर दक्षिण गुजरातपर्यंत पक्का मुक्काम, बाकी पूर्वेला आणि मध्य भारतात तुरळक. आवडती जागा म्हणजे भरपूर पावसाचं सदाहरित किंवा निमसदाहरित जंगल, दाट सावली, ओल, आणि त्या सावलीला मधेमधे छेद देणारे ओढे आणि वाटा. आंबोली, कोयनेचा परिसर, महाबळेश्वर, भीमाशंकर, ताम्हिणी, खाली कोकणात फणसाड, कर्नाळा. देवराया तर खासच, आजूबाजूला डोंगर उघडा बोडका असला तरी देवराईत पाऊल टाकलं की एखादा असतोच.

भर पावसात, म्हणजे बाकीची फुलपाखरं पानाखाली दडून बसलेली असताना, पाऊस दोन मिनिटं थांबला की हा बाहेर. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने हा याचा हंगाम. उन्हाळ्यात अगदीच नसतो असं नाही पण ओढ्याकाठी सावलीत आक्रसून राहतो. कोरड्या मुलखात मग काय होतं, पावसाळ्यात जिकडेतिकडे हिरवं आणि ओल झाली की हे पसरतात, आणि पुढे सुकायला लागलं की तिथे टिकत नाहीत. नागपूरला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एखादा दिसतो तो असा.

कोकणी_माणूस

आमच्याकडे तर रोज येतो वो, परसात जास्वंदीवर. लहानपणापासून बघतोय, त्याला राज्य फुलपाखरू केलंय हे मला या धाग्यावरच कळलं. घराच्या मागे पपनसाचं जुनं झाड आहे त्याच्याभोवती घुटमळत असतो आणि आजी म्हणायची पपनसाला फुलं नसताना हा इथे काय करतोय.

अळीकाका

कोकणी माणूस, आजींचा प्रश्न एकदम जागेवर होता. तो "हा" नसून "ही" होती, आणि ती फुलांसाठी नाही तर पानांसाठी आलेली.

नीलवंताच्या अळ्या फक्त लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं खातात. जंगलात माकडलिंबू आणि किरमिरा ही मुख्य, माणसाच्या वस्तीत पपनस, मग लिंबू, महाळुंग वगैरे. मादी झाडाभोवती घिरट्या घालते, पानावर क्षणभर उतरते, पुढच्या पायांनी पान थापटते. पायांवर चव ओळखणारे केस असतात, त्यातून तिला कळतं झाड बरोबर आहे का. पटलं तर एकच अंडं, तेही पानाच्या वरच्या बाजूला, आणि पुढच्या पानाकडे. गुच्छाने घालत नाही. अंडं गोल, तुळतुळीत, आधी हिरवट, मग पिवळसर नारिंगी होत जातं.

अळी सुरुवातीला पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट तेलकट आणि त्यात पांढरे डाग, आणि बसते पण पानाच्या बरोब्बर मध्यभागी उघड्यावर, कारण शीट कोण खाणार. चार वेळा कात टाकते, शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार, बाजूला तिरके पट्टे, पुढचा भाग फुगीर आणि त्यावर डोळ्यासारखी खूण. डिवचलं की डोक्यामागून दोन शिंगांसारखा ओला मांसल अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सुटतो. पपनसाची पानं चुरगाळून त्यात काहीतरी आंबलेलं मिसळलं की कसा येईल तसा. मुंग्या आणि छोटे कोळी त्याने पळतात, पक्ष्यांवर फार परिणाम होत असेल असं वाटत नाही.

कोष मग फांदीला, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून. हिरव्या जागी हिरवा, खोडावर तपकिरी.

कोकणी_माणूस

बापरे. आजी असती तर तिला वाचून दाखवलं असतं. पपनस यंदा खूप लागलंय, अळ्यांनी पानं खाल्ली तरी फळाला काय होत नाही.

हिरवी_बाल्कनी

आता माझा मूळ प्रश्न. बाल्कनीत एक्झोरा, घाणेरी, पेंटास, झेंडू सगळं लावलंय, नर्सरीवाला म्हणाला बटरफ्लाय गार्डन होईल. लाइम बटरफ्लाय येतं, टायगर फुलपाखरं येतात, कॉमन मॉर्मन येतो. हा राजा काही येत नाही. चौथा मजला आहे, सोसायटीच्या मागे टेकडी आहे आणि टेकडीवर तो असतो हे नक्की कारण मॉर्निंग वॉकला दिसतो. अजून कुठलं फूल लावू?

कडेकपारी

हेच ते तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जे आवडत नाही. फूल नका लावू अजून. फुलांची कमी नाहीये हो त्याला, एक्झोरावर येतो, जास्वंदीवर येतो, भुतकेसावर, कृष्णकिरीटावर, रानमोगऱ्यावर, घाणेरीवर पण, सगळीकडे मिळतं ते. हल्ली जिथे तिथे फुलपाखरू उद्यान म्हणून जे करतात त्यात तेच होतं, रंगीत फुलांचे वाफे, मधोमध सिमेंटचं फुलपाखरू, फरशीची वाट, वर रणरणतं ऊन. फुलपाखरू येतं, पितं, जातं. हॉटेल आहे ते, घर नाही. त्याला हवीत लिंबाच्या कुळातली झाडं, त्यावर फवारणी नको, आणि सावली. सावली हे लोक विसरतातच. लाइम बटरफ्लायला उन्हातली कुंडीतली लिंबाची रोपटी चालतात, नीलवंताची मादी मला कायम झाडाखालच्या, अर्ध्या अंधारातल्या रोपांवर उतरताना दिसली आहे.

हिरवी_बाल्कनी

म्हणजे चौथ्या मजल्यावर नाद सोडू?

घाटमाथा

बाल्कनीचा सोडा, टेकडीचा नका सोडू. टेकड्यांवर दर पावसाळ्यात वृक्षारोपण होतं ना, त्यात काय लावतात बघा. गुलमोहर, गिरिपुष्प, रेन ट्री नाहीतर सगळीकडे वड-पिंपळ. झाडाखालची झुडपं कोणीच लावत नाही कारण ती फोटोत दिसत नाहीत, उलट साफसफाई म्हणून असतील ती पण तोडतात. माकडलिंबू हे बरोब्बर असल्या खालच्या मजल्यावरचं झाड, हळू वाढतं, काटेरी, लाकूड बारीक, कोणाच्या काही उपयोगाचं नाही असं वाटतं म्हणून पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. जंगल लांबून हिरवं दिसतं पण आतला हा मजला रिकामा झाला की नीलवंत तिथून जातो. झाडं उभी, फुलं पण आहेत, आणि हा मात्र नाही, असं जंगल मी पाहिलंय.

मुंबईचं उदाहरण घ्या, बोरिवली-गोरेगाव पट्ट्यात हा आरामात दिसतो कारण पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिकडे घोडबंदर रस्त्याला ओवळेकर वाडीत दिसतो, तिथेही नुसती फुलं नाहीत, अळ्यांची झाडं मुद्दाम लावलेली आहेत.

टवाळ_कार्टं

एक सिरियस प्रश्न (हो मला पण येतात). बातमीत कुठेतरी वाचलं की हे भारतातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू. खरं का?

कॅमेरावाला

नाही रे. बर्डविंग मोठे. आंबोलीला सदर्न बर्डविंग दिसतं, काळं आणि पिवळंधमक, ते याच्यापेक्षा चांगलंच मोठं आणि ते कर्नाटकचं राज्य फुलपाखरू आहे. भारतातलं सगळ्यात मोठं म्हणून सदर्न बर्डविंगचं १९३२ सालचं १९० मिमीचं माप कित्येक वर्षं धरलं जायचं, मग २०२० मध्ये उत्तराखंडात डीडीहाटला सापडलेल्या गोल्डन बर्डविंगच्या मादीचं १९४ मिमी प्रसिद्ध झालं. नीलवंत मोठ्यांच्या रांगेत आहे नक्की, पहिला नाही.

टवाळ_कार्टं

चार मिलिमीटरने हरले म्हणजे बिचारे कर्नाटकवाले. बरं वाटलं

मोगरा_फुलला

धागा छान चाललाय, वाखुसा (वाचनखूण साठवली). माझा एक तातडीचा प्रश्न. कुंडीतल्या लिंबावर काळ्या-पांढऱ्या चिटुकल्या अळ्या आहेत, त्या नीलवंताच्या असू शकतात का? सासूबाई रोज विचारतात औषध मारू का म्हणून, मी कसंबसं थोपवून धरलंय.

अळीकाका

असू शकतात पण शक्यता कमी. लहानपणी लाइम, कॉमन मॉर्मन आणि नीलवंत तिघांच्याही अळ्या शिटेसारख्याच, मी सुद्धा छातीठोकपणे सांगणार नाही. मोठ्या झाल्या की तिघीही हिरव्या, नीलवंताची तुलनेने जाडजूड. कुंडीतल्या लिंबावर दहापैकी बहुतेक वेळा लाइमच निघतं. पण औषध नका मारू देऊ, लाइम असलं म्हणून काय झालं. सासूबाईंना सांगा झाड मरत नाही, अळ्या गेल्या की पुन्हा फुटतं. झाड अगदीच छोटं असेल तर अर्ध्या अळ्या दुसऱ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर हलवा, पानासकट कापून, अळी चिमटीत धरू नका. कढीपत्ता मात्र लाइम आणि कॉमन मॉर्मनलाच लागू.

आणि नर्सरीतून नवीन रोप आणलं तर लगेच त्यावर अळ्या सोडू नका. ती रोपं फवारलेली असतात, औषध पानांत उतरलेलं असतं, अळ्या दोन दिवसांत काळ्या पडून लोंबतात. नवीन पालवी येऊ द्या, जुनी पानं काढून टाका.

मोगरा_फुलला

दाखवलं त्यांना. म्हणाल्या लिंबं विकत आणते, राहू देत. पण एक कोष आहे मागच्या भिंतीला, बरेच दिवस झाले, त्याला बारीक भोक दिसतंय टाचणीएवढं. फुलपाखरू निघालं असेल का?

अळीकाका

नाही. फुलपाखरू निघालं की कोष डोक्याकडून उसवल्यासारखा फाटलेला असतो. टाचणीएवढं भोक म्हणजे परजीवी. अगदी बारीक गांधीलमाशीच्या जातीचे कीटक असतात, कोष ताजा, मऊ असतानाच मादी त्यात अंडी घालते, आतल्या आत सगळं खाऊन एका कोषातून ढीगभर बाहेर पडतात. वाईट वाटून घेऊ नका, जंगलातही हेच चालतं, अंडं ते फुलपाखरू हा प्रवास पुरा करणारे फार थोडे. नाहीतर तुमचा लिंबू कधीच संपला असता.

वैदर्भी

घाटमाथांचा प्रतिसाद वाचून एक विचारायचंय. आमच्याकडे बेल भरपूर, कवठ भरपूर, दोन्ही लिंबाच्याच कुळातली ना? मग तिथे का नाही वाढत हा?

घाटमाथा

कुळ एकच, पण प्रत्येकाची पसंती वेगळी. बेलावर लाइम बटरफ्लाय आनंदाने वाढतं. नीलवंताचा ओढा सदाहरित जंगलातल्या जाड चिवट पानांकडे. आणि बेल-कवठ उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतात, त्यात ती मोकळ्या उन्हातली झाडं, ओल नाही. तुमच्याकडे नदीकाठच्या दाट पट्ट्यात, संत्र्या-मोसंबीच्या जुन्या बागांच्या कडेला बघत राहा, फवारणी नसेल तर शक्यता आहे. दिसला तर तारीख आणि जागा लिहून ठेवा, फोटो कसाही आला तरी चालेल. पश्चिमेकडच्या हजार फोटोंपेक्षा तुमच्या एका नोंदीला जास्त किंमत आहे.

वैदर्भी

आता कसं बोललात! संत्र्याच्या बागा तर गल्लोगल्ली, पण बिनफवारणीची शोधणं म्हणजे नीलवंतापेक्षा अवघड. बघते.

हिरवी_बाल्कनी

आमच्या टेकडीच्या ग्रुपवर हा धागा टाकला. लोक म्हणतायत माकडलिंबू मिळणार कुठे, कुठल्याच नर्सरीत नाव काढलं तरी हसतात.

कडेकपारी

साध्या नर्सरीत नाहीच मिळणार, देशी झाडांची रोपवाटिका चालवणारे आहेत काही, त्यांच्याकडे विचारा, वन विभागाच्या रोपवाटिकेतही कधी कधी असतं. नाहीतर बिया. छोटी गोल लिंबासारखीच फळं येतात, पिकलेली काढून गर धुऊन लगेच पेरायच्या, वाळवून डब्यात ठेवल्या की उगवत नाहीत. सावलीत ठेवा रोपं. माझ्याकडे यंदा थोड्या येतील, हव्या असतील त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मोगरा_फुलला

मला पण. आणि तोवर पपनस बी पासून लावलं तर चालेल का? बी पासून लावलेल्याला फळ यायला फार वर्षं लागतात म्हणे.

अळीकाका

फळ कोणाला हवंय, पानंच हवीत ना. लावा. कलम कशाला, बी चांगलं. कुंडी नको पण, खालच्या मोकळ्या जागेत आंब्या-फणसाच्या सावलीला लावा आणि सोसायटीच्या माळ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो तण म्हणून उपटेल.